गुडघ्यांवर घासलेला इतिहास : व्हिक्टोरियन लादीची झळाळी आणि तिची किंमत

१/
भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात शिरणाऱ्याची नजर आधी वर जाते. लोखंडी खांब, सोनेरी नक्षी, रंगवलेले छत. खाली पाहणारे थोडेच. वास्तविक पायाखाली इंग्लंडातून समुद्रमार्गे आलेली मिंटनची लादी आहे. १८७२ साली हे संग्रहालय लोकांसाठी उघडले. तेव्हापासून किती पावले तिच्यावरून गेली असतील, त्याची मोजदाद नाही.

२/
अशी लादी घडवणाऱ्या कारखानदारांची नावे इतिहासात आहेत. ती बसवणाऱ्या वास्तुविशारदांचीही आहेत. पण ती दीडशे वर्षे चकचकीत कोणी ठेवली? कशाने घासली? तिच्यावर काय काय फासले आणि पुढे ते उतरवण्यासाठी काय करावे लागले? हा धागा भाजलेल्या मातीच्या जुन्या फरशीचा, तिच्यावर साचलेल्या थरांचा आणि ते थर काढणाऱ्या हातांचा आहे.

३/
प्रारंभ मध्ययुगात होतो. तेराव्या शतकातील इंग्लंडात मठ आणि चर्चच्या जमिनींवर दोन रंगांच्या मातीची फरशी बसवत. लाल मातीच्या ओल्या चौकोनात ठसा उमटवायचा, त्या खोलगट नक्षीत पांढरी माती भरायची आणि मग भट्टीत भाजायचे. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या चॅप्टर हाउसमधील १२५० च्या दशकातली अशी फरशी आजही जागेवर आहे.

४/
ती टिकली कशी, हे लक्षात घेण्याजोगे आहे. या दालनाचा उपयोग पुढे सरकारी दफ्तरे ठेवण्यासाठी होऊ लागला आणि मूळ फरशीवर लाकडी जमीन घातली गेली. पुढची काही शतके तिच्यावर ना कोणाचे जोडे घासले, ना कोणाची घासणी फिरली. कारकुनांच्या सोयीसाठी घातलेल्या फळ्यांनी तिचे रक्षण केले. कोणत्याही पॉलिशला हे जमले नसते.

५/
सोळाव्या शतकात इंग्लंडातील मठ बंद झाले आणि ही कला जवळजवळ लोपली. तिचे पुनरुज्जीवन एकोणिसाव्या शतकात झाले. १८३० मध्ये स्टॅफर्डशरमधील सॅम्युएल राइट याने अशा फरशीच्या निर्मितीचे पेटंट घेतले. स्टोक-ऑन-ट्रेंटचा कुंभकारखानदार हर्बर्ट मिंटन याने त्यात हिस्सा विकत घेतला आणि अनेक वर्षे, पुष्कळ नुकसान सोसून, प्रयोग चालू ठेवले.

६/
अडचण आकुंचनाची होती. भाजताना प्रत्येक माती वेगळ्या प्रमाणात आक्रसते. लाल आणि पांढरी माती सारखी आक्रसली नाही, तर नक्षी सुटते किंवा लादी वाकते. अखेर मिश्रण जमले. साच्यात दाबलेल्या ओल्या मातीवर नक्षीची खोबण उमटे. तिच्यात दुसऱ्या रंगाच्या मातीचा पातळ घोळ ओतत. तो सुकला की वरचा पृष्ठभाग खरवडून नक्षी मोकळी करत आणि मग लादी भट्टीत जाई.

७/
या लादीला 'एन्कॉस्टिक' म्हणतात. ग्रीक भाषेतून आलेल्या या शब्दाचा अर्थ 'भाजून आत बसवलेले'. रंग वर लावलेला नसतो. तो मातीतच असतो. नक्षीच्या थराची जाडी मात्र साधारण तीन मिलिमीटर, म्हणजे एक अष्टमांश इंच. पुढे येणाऱ्या यंत्रांच्या आणि आम्लांच्या कथेत हा आकडा महत्त्वाचा ठरतो.

८/
१८४० मध्ये रिचर्ड प्रॉसर याने कोरड्या मातीची भुकटी प्रचंड दाबाखाली दाबून बटणे बनवण्याचे पेटंट घेतले. मिंटनने तीच रीत लादीला लावली. ओल्या मातीचा वाळवण्याचा वेळ वाचला, माप अचूक झाले, उत्पादन वाढले. लाल, काळ्या, पिवळसर, पांढऱ्या छोट्या तुकड्यांच्या भौमितिक फरश्या इंग्लंडातील मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्याबाहेरील बोळापर्यंत पोहोचल्या त्या यामुळे.

९/
त्या भुकटीची किंमत कामगारांच्या फुप्फुसांनी मोजली. मातीत आणि गारगोटीच्या पुडीत सिलिका असते. तिची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून आत गेली की फुप्फुसे घट्ट होत जातात. स्टोक परिसरात या रोगाला कुंभारांच्या नावानेच ओळखत. तेथील डॉक्टर जॉन थॉमस आर्लिज यांनी १८९२ मध्ये व्यवसायजन्य रोगांवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कुंभकामगारांची फुप्फुसे हा त्यातील प्रमुख विषयांपैकी एक होता.

१०/
मागणी अफाट होती. लंडनच्या टेंपल चर्चमध्ये १८४० च्या दशकाच्या आरंभी वेस्टमिन्स्टरच्या त्या जुन्या फरशीवरून बेतलेली मिंटनची फरशी बसली. ब्रिटिश संसदेच्या नव्या इमारतीत पुजिनच्या नक्षीची लादी आली. १८५४ मध्ये उघडलेल्या लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये तीस हजारांहून अधिक लाद्यांची एकच विशाल फरशी अंथरली गेली. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चसाठीही इंग्लंडातूनच लादी आली.

११/
इथे एक विसंगती नोंदवायला हवी. व्हिक्टोरियन काळात जीर्णोद्धाराच्या उत्साहात शेकडो जुन्या चर्चमधील झिजलेल्या मूळ फरश्या उखडून त्यांच्या जागी मिंटनसारख्यांची नवी लादी घातली गेली. आज जी 'वारसा' म्हणून जपली जाते, ती कित्येक ठिकाणी त्याहून जुना वारसा काढून बसवलेली आहे.

१२/
या खरवडण्याला विरोधही झाला. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. तिचे टोपणनाव होते 'अँटी-स्क्रेप', म्हणजे 'खरवडविरोधी'. काळाने चढवलेला थर हाही इमारतीच्या इतिहासाचा भाग आहे, तो ओरबाडून काढू नये, असे तिचे म्हणणे होते. फरशीवरचा थर मळ की इतिहास, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

१३/
आता घासणाऱ्यांकडे वळू. हॅना कलविक हिचा जन्म १८३३ मध्ये श्रॉपशर परगण्यातील शिफनल गावी झाला. लहानपणापासून ती घरकामाला लागली. आर्थर मन्बी या सुशिक्षित गृहस्थाच्या सांगण्यावरून १८५४ पासून तिने रोजनिशी लिहिली. १८७३ मध्ये दोघांनी गुपचूप विवाह केला. व्हिक्टोरियन मोलकरणीच्या स्वतःच्या हातची इतकी सविस्तर नोंद क्वचितच सापडते.

१४/
त्या रोजनिशीत मोठ्या घटना थोड्या आणि कामे फार आहेत. शेगड्या साफ केल्या, जोडे पुसले, दारासमोरच्या पायऱ्या आणि फरसबंदी गुडघ्यांवर बसून घासली. दिवसामागून दिवस त्याच नोंदी. वाचताना प्रथम कंटाळा येतो आणि मग ध्यानात येते, की हा कंटाळा हेच तिचे आयुष्य होते.

१५/
योगायोग असा, की याच श्रॉपशरमध्ये लादीचा व्यवसाय बहरला. मॉ अँड कंपनी १८५२ मध्ये वुस्टरहून या परगण्यात आली आणि १८८३ मध्ये जॅकफील्ड येथे तिने अतिविशाल कारखाना उघडला. एकाच परगण्याने जगाला लादी पुरवली आणि ती घासणाऱ्या बायकांपैकी एकीची रोजनिशीही दिली.

१६/
हॅना एकटी नव्हती. १८७१ च्या सुमारास इंग्लंड आणि वेल्समध्ये दहा लाखांहून अधिक स्त्रिया घरकामाच्या नोकरीत होत्या. गुडघ्याच्या वाटीपुढील पिशवी सतत टेकून बसल्याने सुजते. वैद्यकात या दुखण्याचे रूढ इंग्रजी नावच 'मोलकरणीचा गुडघा' असे आहे. एका कामाने माणसाच्या देहावर सोडलेली खूण शब्दकोशात अशी कायमची राहिली.

१७/
घासायचे कशाने? गरम पाणी, साबण, धुण्याचा सोडा, ताठ केसांचा ब्रश, पुसायला जाडेभरडे फडके. भट्टीत नीट भाजलेली लादी इतक्यावर उत्तम राहते. पण साध्या लाल लादीची छिद्रे पाणी आणि तेलकटपणा शोषतात. म्हणून तिच्यावर जवसाचे तेल चोळत, किंवा टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेले मधमाश्यांचे मेण लावत. विसाव्या शतकात डबीबंद लाल पॉलिश आले. भारतातील लाल कोब्याच्या जमिनींनाही असेच 'मॅन्शन' वा 'कार्डिनल' पॉलिश लावून घोटत. ती लाल झाक पुष्कळांच्या आजोळच्या आठवणीत असेल.

१८/
प्रत्येक थर लावताना चकाकी येई, आणि प्रत्येक थर कालांतराने मळ धरी. जवसाचे तेल हवेने घट्ट होऊन काळपट पडते. मेणात पायांची धूळ रुतते. त्यावर पुन्हा पॉलिश, पुन्हा धूळ. एका पिढीची झळाळी पुढच्या पिढीला काजळी वाटू लागली.

१९/
मग ती झाकण्याची सोय झाली. १८६० च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टनने लिनोलियम आणले. तेही जवसाच्याच तेलापासून. विसाव्या शतकात मोलकरणी मिळेनाशा झाल्या, अभिरुची बदलली, आणि घरोघरी जुन्या लादीवर लिनोलियम, गालिचे, प्लॅस्टिकच्या चादरी चढल्या. कुठे खिळे ठोकले, कुठे डांबरी गोंद ओतला, कुठे सरळ सिमेंटचा थर घातला.

२०/
वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीने दुसरा मार्ग पत्करला. १८५६ पासून तिच्या नव्या दालनांत वास्तुविशारद टॉमस वॉल्टर याने मिंटनची लादी बसवली. १९२० च्या दशकापर्यंत वर्दळीच्या मार्गांवरील लादी झिजली होती; तशी नवी मिळेना, म्हणून तिथे संगमरवर आले. १९७० च्या दशकात मूळ रूप परत आणण्याचा विचार सुरू झाला आणि १९८० च्या दशकात त्यासाठीची नवी लादी पुन्हा स्टोक-ऑन-ट्रेंटमध्येच घडवली गेली.

२१/
लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये मात्र वेस्टमिन्स्टरचीच कथा घडली. नाच-समारंभांसाठी मिंटनच्या फरशीवर काढता येणारी लाकडी जमीन घालण्यात आली. त्यामुळे खालची नक्षी नवी असल्यासारखी राहिली. आज ती अधूनमधून काही दिवस उघडतात आणि ती पाहायला लोक गर्दी करतात.

२२/
घरांतील लादीचे नशीब एवढे चांगले नव्हते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या घरांचे प्रेम पुन्हा जागे झाले, गालिचे उचलले गेले, आणि खाली डांबर, रंगाचे शिंतोडे व मेणाचे काळे थर दिसले. इथून एका नव्या व्यवसायाचा उदय झाला: जुनी फरशी उघडी करून, थर उतरवून, पुन्हा संस्कार करणारे कारागीर.

२३/
त्यांची रीत ऐकायला सोपी आहे. आधी कोपऱ्यात लहानशा जागी परीक्षा. मग अल्कधर्मी द्रावण ओतून काही मिनिटे मुरू द्यायचे; मेण मऊ पडते. मंदगती यंत्राच्या गोल घासणीने ते सोडवायचे आणि काळा चिखल सुकण्याआधी व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. तो सुकला तर सगळा मळ पुन्हा छिद्रांत जातो. मग स्वच्छ पाण्याने धुणे, एकदा नव्हे, अनेकदा. डांबर आणि रंग पात्याने, हाताने, इंच इंच.

२४/
खरी कसोटी त्यानंतरच्या प्रतीक्षेची. व्हिक्टोरियन फरशीखाली ओल अडवणारा पडदा बहुधा नसतो. जमिनीतली ओल लादीतून आणि सांध्यांतून वर येते व हवेत उडून जाते. फरशी 'श्वास' घेते असे म्हणतात ते यामुळे. पूर्ण सुकायला अनेक दिवस, कधी आठवडेही लागतात. घाई करून वर ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचा बंद थर दिला, तर ओल अडकते, थर पांढरा पडतो, क्षार वर येऊन लोणा लागतो आणि लादीचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटू लागतो.

२५/
दुसरी चूक आम्लाची. हायड्रोक्लोरिक आम्ल भाजलेल्या मातीला लगेच खात नाही, पण लादीखालचा आणि सांध्यांतला चुना खाते. तिसरी चूक यंत्राने घासून पृष्ठभागच उतरवण्याची. भट्टीत लादीवर कठीण त्वचा तयार झालेली असते. ती गेली की छिद्रे उघडी पडतात आणि फरशी पूर्वीपेक्षा लवकर मळते. शिवाय नक्षी जेमतेम तीन मिलिमीटरची. दीडशे वर्षांच्या पावलांनी तिच्यातून आधीच काही नेलेले असते.

२६/
भारतातील वाचकांनी इथे एक फरक ध्यानी ठेवावा. मुंबईच्या अनेक जुन्या घरांत दिसणारी नक्षीदार लादी भाजलेल्या मातीची नसून सिमेंटची आहे. १९२२ मध्ये स्वदेशीच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या भारत फ्लोअरिंग्जची लादी त्याच प्रकारातली. ती भट्टीत जात नाही; दाबाखाली घडते आणि पाण्याने पक्की होते. तिच्यावर आम्ल ओतणे म्हणजे तिचा रंगच विरघळवणे. दोन्ही लाद्या दिसायला बहिणी, पण औषध एकच नव्हे.

२७/
आणि कामगार? अल्कधर्मी द्रावण हात जाळते. त्याहून भयंकर होते डायक्लोरोमिथेन. जुना रंग व लेप क्षणात उचलणारे हे रसायन अनेक दशके सर्रास वापरले गेले. त्याची वाफ हवेपेक्षा जड. बंद खोलीत ती खाली साचते, नेमकी तिथे, जिथे माणूस वाकून काम करतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात जुन्या स्नानकुंडांचा लेप उतरवणारे १३ कामगार या रसायनाने मरण पावल्याची सरकारी नोंद आहे.

२८/
युरोपीय संघाने २००९ मध्ये लेप उतरवण्यासाठी त्याच्या वापरावर कठोर निर्बंध घालण्याचा निर्णय घेतला. अमेरिकेत घरगुती वापरासाठीच्या विक्रीवर २०१९ मध्ये बंदी आली. आर्लिज यांच्या ग्रंथापासून या बंदीपर्यंत शंभराहून अधिक वर्षे गेली. लादी घडवताना धूळ आणि तिचे सौंदर्य परत आणताना वाफ: दोन्ही वेळी धोका श्वासातूनच आत गेला.

२९/
भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा जीर्णोद्धार २००३ मध्ये सुरू झाला, २००५ मध्ये युनेस्कोचा सर्वोच्च आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार त्याला मिळाला आणि २००८ मध्ये दारे पुन्हा उघडली. तिथली फरशी आज जपली जाते. जपणे याचा रोजचा अर्थ पुसणे हाच आहे. कोनशिलेवर राज्यपालांची, दात्यांची, शिल्पकारांची नावे कोरली जातात. रोज पहाटे ओल्या फडक्याने ती शिला पुसणाऱ्या व्यक्तीचे नाव तिच्यावर नसते.

३०/
हॅना कलविकचे १९०९ मध्ये निधन झाले. तिने घासलेल्या पायऱ्यांपैकी कोणत्या उरल्या, कोणास ठाऊक. तिच्या रोजनिश्या मात्र आज केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात जतन आहेत. जुन्या इमारतीत पुढच्या वेळी पाऊल टाकाल तेव्हा क्षणभर खाली पाहा. दाराजवळची लादी आतल्या लादीपेक्षा खोलगट झालेली दिसेल, आणि भिंतीलगत, जिथे कोणी चालत नाही, तिथे नक्षीच्या कडा अजून तीक्ष्ण असतील. दाराजवळचा तो खोलगटपणा पावलांनी केला आणि घासणाऱ्या हातांनीही.

(धागा समाप्त)